अण्णांची पाहुणी

हॅलो? … हो, मीच, आई. मैना का गं? … सटाण्याहून ट्रंककॉल लावलास? पोरं बरी हायत ना?

… हळू बोल. शेजाऱ्यांच्या घरात उभी हाय मी, सगळे भाजी निवडायची सोडून ऐकतायत.

… हो. … हो, खरंय ते. तुझ्या भावानं, चंदरनं सांगितलं होय? त्याच्या पोटात काही राहत नाय.

… अगं रडतेस कशाला? तुझ्या अण्णांना कुणा बाईनं पळवून नाय नेलं. पंचवटीतच हायत, वृद्धाश्रमात. खाटेवर बसून शेंगा खातायत.

… मालनबाई नाव तिचं. तिला पण अण्णांसारखाच विसरायचा आजार. तिचा मालक कधीच वारला, पण तिच्या ध्यानात नाय ते. अण्णा दिसले अन् तिनं ठरवून टाकलं, हेच आपले.

… मी काय म्हणणार? मलाच विचारते, 'तुम्ही कोण?' म्हटलं, पाहुणी. चहा दिला तिनं मला, अण्णांच्या कपातला अर्धा बशीत ओतून.

… हो, हो… अगं ऐक ना. तू दिवाळीपासून आलीच नाहीस, तुला काय ठाऊक? दिवस कलला की अण्णा फाटक धरून हलवायचे. पिंपळगावला कांदा भरायचा राहिला, माझा टेम्पो कुठाय म्हणून ओरडायचे. ताट फेकलं, आश्रमातल्या सिंधुबाईच्या हाताला चावले. मग डॉक्टर त्यांना झोपेची सुई टोचायचे. मी जायची तर लाळ गळत पडलेले. ते बघवत होतं का मला?

… आता? आता फाटकाकडं निघाले की मालनबाई विचारते, 'कुठं निघालात? आधी जेवा.' अन् जेवतात. सुई बंद केली डॉक्टरनं.

… तर काय. जन्मभर माझं एक ऐकलं नाय त्यांनी.

… वाईट वाटलं की. पहिल्या दिवशी घरी येऊन पातेली आपटली. मग दुसऱ्या खेपेला तिला शिकवूनच आले. कारल्यात गूळ जास्त लागतो यांना. अंघोळीला नाय म्हणाले तर सांगायचं, नळ जाणार हाय.

… नाय. त्यांना तिथून हलवायचं नाय. तू येऊन मालनबाईला बोलायचं पण नाय. … लोक? सुई टोचायचे तेव्हा आले होते का लोक बघायला?

… थांब, पुढचं तर ऐक. काल मी निघाले तर हे माझ्यामागं व्हरांड्यात आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् हळूच म्हणतात, 'ती बाई लय बोलते हो. तुम्ही बऱ्या दिसता. लग्न झालंय का तुमचं?'

… हसतेस काय? मी लाजले, खोटं कशाला सांगू.

… म्हटलं, घरी विचारून सांगते.

… काय? वेळ संपला म्हणतेय का ती ऑपरेटर? हो बाई, ठेवते, ठेवते. … मैना, रविवारी तू येऊ नकोस. मला बोलावलंय त्यांनी, एकटीला. मालनबाईला कळू द्यायचं नाय म्हणाले. … अन् ऐक, माझी ती हिरवी साडी तुझ्याकडं राहिलीय बघ. शनिवारच्या आत धाड. … अगं, इस्त्री करून.