माझ्या गोळ्यांचा राखणदार

...आणि वर मलाच विचारतात, "गोळ्या नीट घेतेस ना?" अहो, घेते! तुम्हाला सांगते, दोन वर्षं झाली, मी एकही गोळी चुकवलेली नाही! सासऱ्यांच्या मयताला घेतली, टॅक्सी रस्त्यात बंद पडली तिथे घेतली, बाटली खुळखुळून शेजारणीला कळू नये म्हणून आत कापूस कोंबला... आणि तरी रक्त तपासलं की एचआयव्हीच्या विषाणूचा आकडा आपला जिथल्या तिथे!

मग दवाखान्यातली गुमेडे सिस्टर चष्म्यावरून बघणार. "मामथेत्वा, गोळ्या खोटं बोलत नाहीत." म्हणजे मी बोलते? बाटली उलटी करून मोजल्या, बरोबर भरल्या, तर म्हणते, "कोंबड्यांना घातल्या असशील!" कोंबड्यांना! आणि पाठवलं मला समजावणीच्या वर्गाला. एकदा नाही, तीनदा! तोच तक्ता, तेच रक्तातले शिपाई, तोच विषाणू शत्रू... तिसऱ्या खेपेला सिस्टर चहाला गेली नि वर्ग मीच घेतला!

आणि आमचा नवरा, भेकी. दवाखान्याच्या कागदावर माझा मदतनीस म्हणून ह्याची सही. स्वतः म्हणे तपासून आलेला, ठणठणीत! रोज पाण्याचा मग घेऊन समोर उभा. "गिळलीस? तोंड उघड. जीभ वर कर!" अख्ख्या म्तुबातुबा गावात ह्याची फुशारकी, "मी आहे म्हणून बाई जगतेय." जगतेय कसली? अकरा किलो उतरले, तोंडात फोड, आमासीचं आंबट दूधसुद्धा गिळवेना, पोरीचं लग्न तरी बघेन का म्हणून मी रडतेय, आणि हा? "जीभ वर कर!" अरे, मी एकही गोळी चुकवलेली नाही रे!

शेवटी नवा डॉक्टर आला, शेझी. त्याने माझं रक्त डर्बनला धाडलं. तिथे म्हणे विषाणूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचतात. म्हटलं, वाचा बाबा, सगळं वाचा! सहा आठवड्यांनी कागद आला. डॉक्टर म्हणतो, "आई, तुमची काही चूक नाही. तुमचा आकडा पहिल्यापासून उतरलाच नाही, तेव्हा मला वाटतं, हा विषाणू ह्या गोळ्या पचवायला आधीच शिकून तुमच्याकडे आलाय. कुणीतरी गोळ्या अर्धवट सोडल्या असणार. कुणी, ते कागद सांगत नाही."

कागदाने कशाला सांगायला हवं? शेजारी बसलेला भेकी ताडकन उठला. "मी काय एकट्यानेच सोडल्या? खाणीवर सगळेच सोडायचे!"

विचारलं होतं कुणी त्याला? कुणीच नाही! आठ वर्षांपूर्वी रस्टेनबर्गच्या खाणीवर साहेबांनी गोळ्या सुरू केल्या, जरा बरं वाटलं, दिल्या सोडून! मला, लग्नाच्या बायकोला, पत्ता नाही! सिस्टर तर खिडकीबाहेर बघत बसली. माफी? छे! कोंबड्यांचं तर नावच नाही!

आता दोघांनाही नव्या गोळ्या. माझा आकडा उतरलाय, दूधही पितेय. बहीण म्हणते, "हाकलून दे त्याला!" मीही तेच म्हणत होते हो, सामान बाहेर काढलं होतं! पण हा बाहेर गेला की आठवड्यात गोळ्या सोडणार, विषाणूला ह्याही गोळ्या शिकवणार, आणि मग कुणा दुसरीच्या नशिबी तीन-तीन वर्ग... राहू दे मेला घरातच, रोज माझ्यासमोर जीभ वर करत. निदान विषाणू तरी अडाणी राहील.