दांडा मागंपुढं करायलाय

माहेर माझं ईट गावचं, सासर हे तेरचं, आन शिकले आयटीआयला टर्नर, अख्ख्या वर्गात मी एकलीच पोरगी, लग्नात बायका विचारायच्या नवरी काय करती, तर आमच्या आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, सांगायच्या, लोखंड सोलती. काय सांगू तुम्हाला, दुधी भोपळा सोलल्यागत! लई वर्सं दुसऱ्याच्या लेथवर उभी राहिले, आन मग सुटे भाग मागवून ही बारकी सीएनसी घरात जोडली, बघा की, कॉम्प्युटर सांगंल तसं हिचं टेबल सरकतं आन वरची मोटार कापती.

आता ह्या दसऱ्याचं ऐका. ज्वारी पेरायची, रान वापशाला आलेलं, वल अगदी बरोबर, पर तीन दिवस गेले की वल खाली जाती, मग बी टाका न्हायतर खडं टाका, सारखंच. आन नेमकी तवाच आत्याबाईंच्या टोकणयंत्रातली बी सोडायची चकती फुटली. दुकानात त्या मापाची मिळंना, मजूर मिळंना, घरात आमी दोघीच. म्या म्हनलं, आत्याबाई, चकती मी काढते, तुमी बियाला औषध लावा. लई तोऱ्यात म्हनलं बरं का.

नायलॉनची चकती कापली, तर गोल गोलच येईना! अंड्यागत. खळगे बी तसलेच, एकात दोन दाणे शिरायचे, एकात दाणा फुटायचा. भानगड मला ठावी व्हती, आमचे वस्ताद म्हनायचे, चाक उलटं फिरवलं की लोखंड आधी आळस देतं, मग हालतं. त्याला आमी प्ले म्हनतो. गोल कापायला टेबलाला पुढं जाऊन मागं फिरावंच लागतं, तिथंच गोल बिघडतो. मापायच्या डायलचा काटा टेबलाला टेकवला, पुढं नेलं, मग म्हनलं ये एक मिलिमीटर मागं, म्हंजी शंभर रेघा, तर सत्तरच रेघा आलं, तीस रेघा प्ले! तीस! आवं, मागल्या महिन्यात तीन व्हत्या.

मग धरला पितळी नट, टेबल सरकवणारा दांडा ज्यातनं फिरतो तो. आवळला, अजून आवळला, मोटार वरडायला लागली, प्ले तेवढाच. नवा नट घातला, तरी तेवढाच. दोन दिवस त्यातच गेले. मला रडू यायला लागलं, खरं सांगते.

तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या, उभ्या राहून बघायल्या, आन म्हनल्या, अगं, खंडेनवमीला म्या लावलेला कुंकवाचा ठिपका आतबाहेर का करायलाय? बघते तर काय! दांड्याच्या टोकावरचा ठिपका, दिशा बदलली की जरासा बाहेर, परत आत. म्हंजी नटाचा काय बी दोष न्हाय, अख्खा दांडाच मागंपुढं! आन चूक कुनाची? माझीच की! खंडेनवमीला हत्यारं पुसून पूजेला मांडायची, म्हनून म्या मशीन खोलली, दांड्याची बेअरिंग परत बसवली, तिला दाबून धरणारा लॉकनट आवळणार, तर ह्याच आत्याबाईंनी हाक मारली, आरतीला चल. गेले. ते राहिलं ते राहिलंच.

दोन पाने लावले, लॉकनट आवळला, काटा टेकवला, तीन रेघा! तेवढ्या कॉम्प्युटरात भरल्या, आता दिशा बदलली की टेबल आपणहून तेवढं जास्त चालतं. आन गोल आला, आवं काय गोल! एका खळग्यात एकच दाणा! म्या आत्याबाईंना धरून गरागरा फिरवलं, त्या वरडायल्या, सोड गं येडे, पडंन मी. तिसऱ्या दिवशी पेरून मोकळ्या झालो.

काल गेलतो आमी दोघी रानात. कोंब वर आलेत, सारख्या अंतरावर एकेक. आत्याबाई वाकून हात लावत हिंडायल्या, मधीच थांबल्या आन म्हनल्या, पोरी, माझं उरलेलं आयुष्य तुला लागू दे. म्या म्हनलं, नगं आत्याबाई, ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मला तुमी पायजे.