पाहुण्यांचा हरभरा

(नेवाशाजवळच्या शेताचा बांध. जमीन नृसिंह गुरुजींची, वाट्याने करतो कारभारी. गुरुजींची लेक रुचा आत्ताच गाडीतून उतरली आहे.)

नृसिंह : ...पण तुला ऊस मोडून हरभरा पेरायला सांगितलं कुणी? चार महिने रुचाकडे दिल्लीला काय राहिलो, तू रानाचा मालकच झालास!

कारभारी : मी कशाचा मालक, गुरुजी. ताईनंच सांगितलं.

रुचा : मी? कारभारीदादा, वर्षभरात आपण बोललोसुद्धा नाही.

कारभारी : मोबाईलवर, ताई. तुमचं भाषन. आमच्या सुनेनं, विमलनं, लावून दिल्तं. ज्या हिरीला उन्हाळ्यात पानी ऱ्हात न्हाई तिथं ऊस नको, कडधान्य पेरा. विमल म्हनली, गुरुजींची लेक आख्ख्या देशाची शेती ठरवती, मंग तिच्याच रानात तिचं ऐकायला नको व्हय?

रुचा : अहो, ते राष्ट्रीय आराखड्याबद्दल होतं. धोरण म्हणून.

कारभारी : म्हंजी आपल्या हिरीला लागू न्हाई?

रुचा : आहे ना. पण टप्प्याटप्प्यानं.

नृसिंह : धोरण धोरणाच्या जागी. उसाला कारखान्याची टोळी येते, तोडून नेते, बिल बँकेत जमा. या वयात हरभऱ्याची पोती घेऊन मी आडत्याच्या दारात उभा राहू?

कारभारी : खरं हाय. पर गेल्या उन्हाळ्यात हीर उसानंच पिली, गुरुजी. गावात नळ हाय. आमच्या वस्तीला हीच हीर. बाया टँकरमागं पळत हुत्या, लई हाल झाले.

नृसिंह : ते मला सांगू नकोस. उद्या नांगर घालायचा आणि या हंगामातला सुरूचा ऊस लावायचा. जमत नसेल तर शेजारचा अजिनाथ हे रान वाट्याने मागतोच आहे.

रुचा : बाबा, उद्या नको! उद्या पाहुणे आहेत. पाच देशांचे नियोजन अधिकारी. आराखड्याप्रमाणे पीक बदललेलं शेत बघायचंय त्यांना. कालपासून तालुकाभर फिरतेय, जिकडे बघावं तिकडे ऊस!

कारभारी : मंग हे हायेच की. घाटे धरलेत.

रुचा : खरंच, किती छान आलाय! आणि शेतकऱ्यानं आपणहून केलंय, हे तर त्यांना फारच आवडेल.

नृसिंह : कुठल्या शेतकऱ्यानं?

रुचा : तुम्ही, बाबा. सातबारा तुमच्याच नावावर ना? पाण्याचा विचार करून ऊस सोडला, एवढंच सांगा. आणि फेटा बांधा.

नृसिंह : हं. तसा पाण्याचा विचार मी आधीपासून करतोच. कारभारी, बांधावरचं गवत काढून ठेव.

कारभारी : काढतो. अन् मी कुठं उभा ऱ्हाऊ, ताई?

रुचा : तुम्ही... पाहुण्यांना ओला हरभरा उपटून द्या ना. मजा वाटेल त्यांना.

कारभारी : दीन की. अन् पाहुनं गेल्यावर?

नृसिंह : गेल्यावर नांगर.

कारभारी : ताई?

रुचा : दादा, घरच्या जमिनीत मी कशी बोलणार? आम्ही फक्त शिफारस करतो.

कारभारी : बरं. पाहुनं भाकरी खात्यात का?

रुचा : खातील की. का हो?

कारभारी : मंग त्यांना आमच्या वस्तीवरच उतरवा. विमल करून घालील. हरभरा निघंस्तवर ऱ्हाऊ द्या.