आईची पावलं

आजी : सकाळपासून एकाच कुशीवर पडलेय. या घरात कुणाला डोळे आहेत की नाहीत?

चिमी : थांब, वळवते. हात टाक माझ्या गळ्यात.

आजी : हळू गं! धाप तुलाच लागलीय. बघणाऱ्याला वाटेल, मीच तुला उचलतेय.

आई : (दारात चपला काढत) चिमे, वॉर्डात फोन आला होता तुझ्या बाईंचा. हातात सलाइनची बाटली माझ्या. काय झालं मैदानावर?

चिमी : काही नाही.

आई : काही नाही सांगायला फोन करतात होय बाई?

आजी : अगं, आज बक्षीस होतं ना तिला! शाळेत सगळ्यांत जास्त चालणारी मुलगी म्हणे. ऐकल्यापासून हसून पोट दुखतंय माझं.

आई : माई, जरा थांबा हो.

चिमी : बक्षिसाआधी एक फेरी पळायला लावली. एकटीला. सगळ्यांसमोर.

आई : मग?

चिमी : वळणापर्यंत गेले. मग खाली बसले.

आई : हसले असतील.

चिमी : बाई नाही हसल्या. तो पावलं मोजायचा पट्टा माझ्या मनगटावरून काढून घेतला. म्हणाल्या, तू रात्रभर कुठं चालत असतेस गं?

आई : अरे देवा. पट्ट्यात वेळही उमटते होय? गेल्या महिन्यात रात्रपाळीला घालून जायचे मी.

आजी : म्हणजे? पट्टा हिचा, नि चालत होतीस तू?

आई : मग काय करू? शाळेनं सगळ्या मुलांना वाटले पट्टे. रोज वर्गात वाचून दाखवतात, कोण किती चाललं. हिचं नाव कायम शेवटी. उशीत तोंड खुपसून रडायची. तशीही मी चालतेच या खाटेवरून त्या खाटेवर. म्हटलं, पोरीच्या तरी कामी येऊ दे.

आजी : वा रे शहाणपण! त्यापेक्षा हाकल की तिला बाहेर. आम्ही दिवेलागणीपर्यंत घरात दिसायचो नाही. ही शाळेतून आली की इथंच. तो मोबाइल नि बिस्किटांचा पुडा. बसून बसून पिंप झालंय नुसतं.

चिमी : आजी, पाणी देऊ?

आजी : दे. आणि ते मघाचं भांडं धुऊन ठेव आधी. वास सुटलाय.

आई : बाईंना काय सांगितलंस तू?

चिमी : झोपेत चालते म्हटलं.

आजी : जागेपणी हलत नाही, झोपेत चालतेय!

चिमी : त्यांना खोटं कळलं. पण ओरडल्या नाहीत. शाळा सुटल्यावर त्या मैदानावर थांबतात. म्हणाल्या, तूही थांब. पळू नकोस, चेंडू खेळ. एक तासच.

आई : तासभर म्हणजे... दिवसपाळी असली तरी मला यायला अंधार पडतो. मागं तू कोपऱ्यावर दूध आणायला गेलीस, तेवढ्यात माई खाटेवरून...

आजी : काय माई? बोल की.

आई : काही नाही.

आजी : तिला हौस नाही हातपाय हलवायची. उगाच माझं नाव नको मध्ये.

आई : बरोबर आहे. आळशीच आहे ती.

चिमी : हो.

आई : मग काय सांगितलंस त्यांना?

चिमी : जाऊ दे ना, आई.

आई : जाऊ दे काय? उद्या भेटायला बोलावलंय मला. तुमची मुलगीच सांगेल म्हणाल्या, मला सांगवत नाही. खेळायला कधीपासून येते म्हणालीस?

चिमी : आजी, पाय चेपू?

आजी : आधी आईला उत्तर दे. माझ्यापुढं बरी चुरूचुरू चालते जीभ.

चिमी : आजी गेली की येते, म्हटलं.