गाळलेली ओळ

बात्तांबाँगच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर मनाच्या त्रासाची प्रश्नावली होती.

"आई, नर्स म्हणाली, ज्याचं त्यानंच भरायचं."

"मला कुठं वाचता येतंय? तूच भर, कुन्थिया."

"माहितीये गं. लहानपणापासून तुला औषधाची बाटलीसुद्धा मीच वाचून दाखवते. बरं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"तुझ्या बापाच्या घोरण्याचा."

"आई!"

"लिही मग. पोल पोटच्या राजवटीत त्याचे सैनिक माझ्या दादाला घेऊन गेले. लिहिता-वाचता येत होतं, एवढाच त्याचा गुन्हा."

"…लिहिलं. वाईट स्वप्नं पडतात?"

"या वयात झोप लागते कुठं?"

"एकदम दचकतेस?"

"छे! अजिबात नाही."

"काल पत्र्यावर नारळ पडला, तर पलंगाखाली कोण शिरलं होतं?"

"माहितीये तर विचारतेस कशाला? कर खूण."

"जुन्या आठवणी टाळतेस?"

"आठवणीच नाहीत, तर टाळू काय?"

"बरं, 'नाही' असं लिहिते. आता पुढचं. स्वतःला कमी लेखतेस का?"

"मधली ओळ गाळलीस."

"कुठली?"

"ही काय. 'आपल्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं का?'"

"तुला वाईट वाटेल म्हणून मीच मुद्दाम… थांब. आई?"

"काय?"

"तुला वाचता येतं?"

"हळू बोल. शेजारच्या बाई ऐकतायत."