नाइकाच्या फिती

खोपटच्या एसटी डेपोत शैलाबाई जप करत बसल्या होत्या. पण शेजारच्या बाकावरचे निवृत्त सुभेदार आणि सुट्टी संपवून पलटणीत निघालेला त्यांचा भाचा बोलू लागले, तशी बोटांतली माळ थांबली.

“मामा, मी साहेबांना सांगणारे, या नाइकाच्या फिती परत घ्या. शिपाईच बरा होतो.”

“का रे? आत्ताच तर दंडावर लागल्यात.”

“दहा जणं दिलेत हाताखाली. पण त्यातल्या संपतबरोबर एका ताटात जेवलेलो ना! हुकूम दिला की हसतो. म्हणतो, ‘आला मोठा साहेब!’”

“मागच्या लांबच्या मार्चवरून आल्यावर पहिलं काय केलंस?”

“बूट काढले. पाय सोलून निघालेले.”

“आणि त्यांचे पाय?”

“त्यांचे ते बघतील की!”

“शिपायानं आपले पाय सांभाळायचे, सूरज. नाइकानं दहा जणांचे. आमचा नाईक गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय तपासायचा, मगच स्वतःचे बूट काढायचा. त्याचा शब्द कोण मोडणार?”

“मग सुभेदार झाल्यावर तुम्ही काय सांभाळलंत?”

“आमच्यावरचा कोवळा लेफ्टनंट साहेब! चुकला की चहाला बाजूला नेऊन सांगायचो, आणि जवानांसमोर कडक सलाम ठोकायचो.”

गाडी लागली. सूरजने बॅग उचलायच्या आधी फोन कानाला लावला.

“संपत, त्या मार्चनंतर लंगडत होतास ना? टाच कशी आहे?... हसू नकोस रे. उद्या पोचतोय. आल्या आल्या मला पाय दाखवायचे. हा हुकूम आहे.”