वहिनींना विचारलेला प्रश्न

विहारात जमलेल्या सगळ्यांना जय भीम. राहुलदादाच्या आठवणीसाठी पार उमरखेडहूनही माणसं आली आहेत. मला चार लोकांत बोलायची सवय नाही. आवाज कापला तर थोडी थांबेन.

राहुलदादा माझा मामेभाऊ. नात्यातल्या लग्नघरी वायरिंग तपासायला मला बोलवायचा आणि मी काम करेपर्यंत स्वतः गाणी बदलत बसायचा. तो गेला तेव्हा बाहेर सांगितलं गेलं, अटॅक आला. तो अटॅक नव्हता. दादाचा मृत्यू आत्महत्येने झाला. मामी समोर बसली आहे, तिला विचारूनच बोलते आहे. कसं झालं, ते सांगणार नाही. का झालं, याचं एकच कारण नसतं. ते शोधत कोणाकडे बोट दाखवू नका.

मी विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. माणूस खांबावर चढण्याआधी कोणती लाईन बंद केली, ते मी फोनवर पूर्ण सांगते. त्याने ते पूर्ण परत म्हणायचं. नुसतं "हो, ठीक आहे" आम्ही मानत नाही. त्यावर कोणी खांबावर चढत नाही.

आणि घरी? घरी आपण काय मानतो?

दादा गेल्यापासून प्रणाली वहिनींजवळ बायका होत्या. "त्याचं नाव नको काढू, पोरीकडे पाह्य." वहिनी म्हणायच्या, "ठीक हाय." सगळे मानायचे. मग एक दिवस त्यांनी आपली शिलाई मशीन जावेला देऊन टाकली. पोरीचं सगळं आपल्या बहिणीला समजावून सांगितलं, जणू पुढे तीच सांभाळणार आहे. तेव्हा मी घाबरले.

मागच्या ओट्यावर बसून विचारलं. माझ्या विचारण्यानेच तो विचार त्यांच्या मनात आला तर?

"वहिनी, जीव द्यायचा विचार येतो का?"

"काहून इचारून राह्यल्या, ताई? ठीक हाय मी."

"ठीक नको. येतो की नाही, ते सांगा."

"तुमचं ऑफिस घरी नका आणू वो."

मी उठले नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "येते. रोज येते. सारे चा पाजतात. हे कोणी इचारलं नाही."

मी उपदेश केला नाही. पोरीची शपथ घातली नाही. त्यांना एकटं सोडलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी मामी आणि मी त्यांना यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. निघताना कोणीतरी म्हणालं, "लोकं काय म्हणतीन?" मामी म्हणाली, "म्हणू दे. एक गेला माहा."

डॉक्टरांनी सांगितलं, विचारल्याने असा विचार मनात येत नाही. आलेला असेल, तर बोलता येतं. उपचार सुरू आहेत. वहिनी इथे बसल्या आहेत. हे सांगा, असं त्याच म्हणाल्या.

माझी भीती गेली का? नाही. आज सकाळीही भीतभीतच विचारलं. उद्याही विचारणार आहे.

तुमच्या घरात कोणाविषयी शंका असेल तर विचारा. स्पष्ट विचारा, ऐकून घ्या, दवाखान्यात सोबत जा. आणि इथे बसलेल्या कोणाच्या मनात हे चाललं असेल, तर आजच शेजारच्याला सांगा. मला सांगा. मी दारापाशीच थांबणार आहे.

आता उभे राहू. दादासाठी दोन मिनिटं गप्प राहू. फक्त दोन मिनिटं. त्यानंतर कृपा करून कोणी गप्प राहू नका.